झोत निवेपर्यंत

गुरवकाका यंत्राखाली निजले होते. गाठ डोळ्याच्या नसेला चिकटलेली. भिंतीपलीकडच्या यंत्राच्या गोल कड्यात भरकटत धावणारे प्रोटॉन निवून एका ओळीत आले, की गाठ जाळणारा त्यांचा झोत केसाहून बारीक होई.

“अजून तासभर निवू दे,” यंत्र सांभाळणारी विशाखा म्हणाली. “घाई केली तर नजर जाईल.”

“पण माझ्यामागे कासारबाईंची पाळी आहे ना?”

“त्यांनीच त्यांचा तास तुम्हाला दिलाय. त्या उद्या येतील.”

“त्यांची गाठ कुठंय?”

“डोळ्यामागेच.”

“पोरी, उद्याची माझी पाळी त्यांच्यामागेच लाव. मी नुसता बाहेर बसेन, माझा तास त्यांना दे. त्यांचा झोत नीट निवू दे.”