पहिला विडा

“दरबार उठेपर्यंत या घरात कुणी रडायचं नाही,” यशवंतराव म्हणाले आणि कमरेचा शेला आवळू लागले.

समोर पलंगावर त्यांचा एकुलता एक मुलगा होता. कृष्णराव. पहाटे दोषी तापानं गेला. जानकीबाईंनी त्याचे डोळे मिटले होते आणि रजई गळ्यापर्यंत ओढली होती, आजाऱ्याला पांघरतात तशी.

दिवस दसऱ्याचा. देवासच्या दरबारात शस्त्रपूजा झाली की महाराजांच्या हातचा पहिला विडा यशवंतरावांना मिळायचा. ते हजर नसले तर तो समोरच्या घरातल्या नारायणरावांना जाणार, आणि एकदा गेलेला मान काही परत येत नाही. विडा म्हणजे काय, तर दोन पानं, सुपारीचं खांड आणि वर्ख लावलेली लवंग. बाजारात कुणीही खातो. पण त्या पानांपायी या दोन घराण्यांत तलवारी निघाल्या होत्या, ठरलेल्या सोयरिकी मोडल्या होत्या, आणि आज एका आईला तोंड दाबून बसायचं होतं. सुतक्याला दरबारात पाऊल टाकता येत नाही. म्हणून घरात सुतक नव्हतं. मुलगा आजारी होता.

“मी नाही रडत,” जानकीबाई म्हणाल्या. “पण त्याला जमिनीवर तरी घेऊ या. खाटेवर असं ठेवू नये.”

“खाली घेतलं की नोकरांना कळेल. धूळजी दारातच बसलाय.”

“आणि धारला तार?”

“संध्याकाळी करू.”

धारला सून इंदू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. तिला आज सणाचं नवं लुगडं नेसवलं असेल, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या असतील. जानकीबाईंच्या डोळ्यांपुढून ते हलेना.

यशवंतराव दारापाशी थबकले. पाठमोरेच म्हणाले, “मला काही वाटत नाही असं समजू नका. आजोबांनी रक्त सांडून हा मान आणला. माझ्या हातून गेला तर वर त्यांना काय सांगू?”

“आणि ह्याला काय सांगाल?”

त्यांनी पागोटं सारखं केलं आणि गेले.

जानकीबाईंनी कडी लावली. थोड्या वेळानं बाहेरून धूळजीनं त्याच्या माळवीत हाक मारली, “माँसाब, भिया सारू पेज लाऊँ कंई?”

“आण रे त्याच्यासाठी,” त्या म्हणाल्या. दाराच्या फटीतून वाटी घेतली आणि मोरीत ओतली. दुपारी त्यानं पुन्हा पेज आणली, त्यांनी पुन्हा ओतली. “भियानं पूरी पी ली?” म्हातारा रिकामी वाटी बघून खूश झाला. सकाळभर त्यांना हुंदके येत होते. आला की त्या पदराचा बोळा तोंडात कोंबायच्या. दुपारनंतर हुंदके यायचे थांबले.

दरबाराच्या तोफा झाल्या आणि अंधार पडायच्या आत यशवंतराव घरी आले. कडी लावून त्यांनी मूठ उघडली. विड्याचा वर्ख घामानं तळहाताला चिकटला होता.

“मिळाला. इंग्रजांच्या एजंटासमोर, भर दरबारात मिळाला,” ते म्हणाले. विडा त्यांनी कोनाड्यात ठेवला. “आता रडा.”

जानकीबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“रडा ना. जरा मोठ्यानं. आळीत ऐकू जाऊ दे. आत्ता गेला असं वाटलं पाहिजे.”

त्यांनी तोंड उघडलं. आवाज निघेना. पुन्हा उघडलं. काही केल्या रडू येईना, आणि नवऱ्याची त्यांना किळस आली.

शेवटी यशवंतरावच पलंगाच्या पायाशी बसले आणि त्यांनी हंबरडा फोडला. सुरुवात त्यांनी लोकांसाठी केली होती. पुढे त्यांना थांबता येईना.

धूळजीनं दार ठोठावलं, जानकीबाईंनी कडी काढली. आळीतल्या बायका धावत आल्या. सगळ्यांत पुढे उमाबाई, नारायणरावांच्या पत्नी. त्यांचे यजमान आत्ताच दरबारातून हात हलवत परतले होते.

“अगोबाई, अजून पलंगावरच? वहिनी, आधी खाली घ्या त्याला. धरा तुम्ही खांद्याला,” असं म्हणत उमाबाईंनी पाय धरले.

दोघींनी उचललं. अंग फळीसारखं सरळ वर आलं. ना कमरेत वाकलं, ना गुडघ्यात.

प्लेगच्या साली उमाबाईंनी घरची माणसं अशीच उचलली होती. अंग ताठायला किती वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. कृष्णरावाला घोंगडीवर ठेवून त्यांनी जानकीबाईंकडे पाहिलं. मग यशवंतरावांकडे.

यशवंतरावांचं रडणं जागच्या जागी थांबलं. उमाबाईंच्या तोंडून एक शब्द निघाला असता, तर उद्या मान समोरच्या घरात गेला असता, आणि सुतकात दरबार बाटवणाऱ्या यशवंतरावांना देवासात तोंड दाखवायला जागा उरली नसती. नारायणरावांच्या तीन पिढ्या ज्यासाठी झुरल्या, ते त्यांच्या बायकोच्या हाती आयतं आलं होतं.

दाराशी गर्दी झाली होती. मागून एका म्हातारीनं विचारलं, “केव्हा गेला गं?”

उमाबाई घोंगडीशी खाली बसल्या. त्यांनी ते गार, ताठ पाय दोन्ही तळव्यांत धरले.

“आत्ताच,” त्या म्हणाल्या. “ऊब आहे अजून अंगात.”

तेव्हा कुठे जानकीबाईंना रडू फुटलं.