नशा चढवणारं क्रियापद

जन्मभर कॉलेजात फ्रेंच शिकवलेल्या विशाखाबाई आजारपणात मराठी विसरल्या, नवऱ्यालाही विसरल्या. उरली ती फक्त फ्रेंच. म्हणून घुग्घुसच्या घरी नागसेनभाऊ मुलीकडून फोनवर क्रियापदं शिकू लागले. रिना इंग्रजी अर्थही सांगायची. एक्सिते म्हणजे एक्साइट, आनिव्रे म्हणजे इन्टॉक्सिकेट, नशा चढवणं.

"हेच पाह्यजे मले," भाऊ म्हणाले. "तिले पाहून अजूनबी चढते."

फोन चालू ठेवूनच त्यांनी बायकोला ते फ्रेंचमध्ये म्हणून दाखवलं. कित्येक महिन्यांनी विशाखाबाई लाजल्या. मग पदर सावरत हळूच काही बोलल्या.

"काय म्हणते व, रिना?"

रिनानं भाषांतर केलं.



"बाबा, मम्मी म्हणून राह्यली, 'असं नका बोलू. माझे मिस्टर ड्यूटीवरून येतच असतील.'"