बोलायचा नंबर

"डोळे मिटा. माना खाली. कोणीही इकडेतिकडे बघायचं नाही," ब्रदर वेस्ली म्हणाला, आणि दुभाष्या अबिमाएलने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं. पाच दिवसांतलं हे नववं गाव. अबिमाएलचा आवाज बसून बसून आता पार जमिनीला टेकला होता.

सकाळपासून त्याने भाषांतरात जमेल तिथे अंगचोरी केली होती. अमेरिकेतून आलेल्या त्या कॉलेजच्या पोरांपैकी एक साक्ष द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, माझ्या हृदयात आग पेटलीय. अबिमाएलने गावाला सांगितलं, "याच्या छातीत जळजळतंय." मागच्या बाकावरच्या म्हातारीने लगेच नातीला सोड्याचं पाणी आणायला पिटाळलं. पोराने ते डोळ्यांत पाणी आणून प्यायलं आणि लोकांच्या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानले.

"ज्यांना येशूला आपल्या आयुष्यात घ्यायचंय, त्यांनी हात वर करा."

अकरा हात वर गेले. नेहमीचेच. पाहुणे एवढे होंडुरासपर्यंत येतात, त्यांना कशाला नाराज करायचं? डोळे सगळ्यांचे मिटलेले, फक्त कॅमेरावाल्या मुलीचे उघडे. तिने पटापट फोटो काढले. वेस्लीने वहीत आकडा लिहिला.

"हात खाली."

दहा खाली आले. पहिल्या बाकावरच्या डोन्या त्रान्सितोचा, म्हणजे त्रान्सितोबाईचा, हात वरच.

अबिमाएल वाकून कुजबुजला, "डोन्या, झालं. घ्या खाली."

"असा कसा खाली घेऊ? माझा नंबर कुठे आला?"

"कसला नंबर?"

"बोलायचा! पाण्याच्या कमिटीत हात वर केला की बोलायला मिळतं. इथे तीन वर्षं करतेय. हे टाळ्या वाजवतात, माझा फोटो काढतात आणि गाडीत बसतात. ही कुठली पद्धत?"

अबिमाएलला खोकल्याच्या आडून हसावं लागलं. म्हणजे वेस्लीच्या वहीत या बाईचं तीनदा तारण झालं होतं. आजचं धरून चार. हा किस्सा घरी बायकोला सांगायचा, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"काय म्हणतायत त्या?" वेस्लीने विचारलं.

"बोलायचंय म्हणतायत."

"साक्ष!" वेस्लीचा चेहरा उजळला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न मारला. उठलेली पोरं परत बसली. एक मुलगी तर बसल्या बसल्या पेंगायलाच लागली.

डोन्या त्रान्सितो उभी राहिली. एप्रनला हात पुसले आणि कमिटीत सांगतात तसं आधी नाव सांगितलं.

"मी त्रान्सितो मेहिया, वरच्या वस्तीवरची. चार वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या घराचं दार रंगवलंत. निळं. आम्हा नवरा-बायकोला दारात उभं करून फोटो काढलात. पाठवतो म्हणालात. त्याच नोव्हेंबरात निकासियो गेले. त्यांचा दुसरा फोटो नाही. ओळखपत्रावर होता, तो घामाने धुऊन गेला. माझं विचारणं एवढंच आहे, तो फोटो कुठाय? मला आता त्यांचं तोंड नीट आठवत नाही."

ती खाली बसली.

अबिमाएलने हे मात्र शब्दन् शब्द सांगितलं. पदरचं काही घातलं नाही, काही गाळलं नाही. बायकोला सांगायचा किस्साही त्याने मनातून काढून टाकला.

वेस्ली वाईट माणूस नव्हता. लाल होत त्याने खिशातून फोन काढला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि बोटाने वर्षं मागे सारत गेला. विमानतळं, भिंती, ब्रश, वर केलेले हात, परत विमानतळं. हॉर्न पुन्हा वाजला. कोणीतरी बाहेर जाऊन ड्रायव्हरला गप्प केलं.

"हे बघा!"

निळं दार. दारात डॉन निकासियो, टोपी छातीशी धरलेली, उन्हाने डोळे बारीक केलेले. शेजारी डोन्या, डोक्यावर आजच्यापेक्षा जास्त काळे केस.

ती फोनवर वाकली. मग म्हणाली, "गालाला रंग लागलाय बघा. तरी म्हटलं होतं, फोटोच्या आधी पुसून घ्या म्हणून. ऐकतील तर शपथ."

"यांना सांग," वेस्ली अबिमाएलला म्हणाला, आणि त्याचा आवाज खरोखरच भरून आला होता, "घरी पोचलो की लगेच पाठवतो."

अबिमाएलने हे वाक्य बारा वर्षांत इतक्यांदा स्पॅनिशमध्ये सांगितलं होतं की वेस्लीने तोंड उघडायच्या आधीच त्याच्या जिभेवर ते तयार होतं. त्याने ते गिळलं.

"डोन्या," तो म्हणाला, "आत्ताच बघून घ्या. पोटभर बघून घ्या."

"काय सांगितलंस?" वेस्लीने विचारलं.

"पाठवणार म्हणून सांगितलं."

डोन्याने अंगठा जिभेला लावला आणि नवऱ्याच्या गालावरचा रंग पुसला. निकासियो सरकला, पडद्याच्या कडेला गेला आणि नाहीसा झाला. त्याच्या जागी विमानतळावर पिझ्झा खाणारा एक गोरा मुलगा आला. तिने घाबरून अबिमाएलकडे पाहिलं.

त्याने बोटाने निकासियोला परत ओढून आणलं.

"हात लावू नका, डोन्या. पळतो तो."

तिने दोन्ही हात एप्रनखाली घातले, घट्ट धरले आणि नुसती बघत राहिली.