विरोधातलं मत

बिल्डिंगमध्ये यापुढे एकाच धर्माची माणसं राहतील, असा ठराव आला. मतदान गुप्त होतं. तळमजल्यावरच्या शिंप्यालाही चेअरमनांनी अगदी मायेने चिठ्ठी दिली. "लोकशाही आहे, मास्टर. मत तुम्हालाही आहे." वेगळ्या धर्माचा तो एकटाच होता. ठराव धूमधडाक्यात पास झाला. विरोधात पडलं ते एकच मत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई बटण लावून घ्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कुठे बोलू नका मास्टर, पण ते मत माझं होतं." दुपारी प्रोफेसर पँट आखूड करायचं निमित्त काढून आले. "ते माझं हो. नाहीतर मन खात राहिलं असतं." संध्याकाळी तर चिठ्ठ्या मोजणारे सेक्रेटरीच आले आणि डोळे पुसत तेच म्हणाले.

शिंप्याने प्रत्येकापुढे स्टूल सरकवलं, "उपकार झाले तुमचे" म्हटलं, कुणालाच तोंडघशी पाडलं नाही. सगळे गेल्यावर तो मशीनपाशी बसून प्रोफेसरांची पँट आखूड करू लागला. त्यांच्यातल्या एकावर तरी विश्वास ठेवावा, असं त्याला फार वाटत होतं.

पण ते मत त्याने स्वतःच टाकलं होतं.