फियाटच्या चार कॅपा

"कुणाला खरं वाटायचं न्हाई, धाकलं मालक, पण ही तीच चाकं," केरबानं टेम्पोतून एकेक चाक अंगणात ढकललं. "आन् ह्या त्यांच्यावरच्याच कॅपा. लोणंदच्या भंगारात मला बघून सोताहून घरंगळत आल्या!"

जयराज हसला नाही. हसण्याइतकी ताकद उरली नव्हती. हौसेच्या वयात त्यानंच वडलांच्या फियाटची मूळ चाकं विकून रुंद, झगमगती चाकं बसवली होती. आता अण्णांना माणसं ओळखू येत नव्हती. लेकालाच ते "पाव्हणं कुठलं?" म्हणून विचारत. उभा जन्म गाडी चालवलेल्या केरबाकडं तर बघतही नसत. निदान फियाट ओळखतील म्हणून त्यांना दारात आणलं, तर म्हणाले, "कुणाची गाडी लावलीय ही?"

तेव्हापासून जयराज सांगली, आष्टा, कराडची गॅरेजं पालथी घालत होता. मिळेल ते चाक केरबापुढं टाकत होता. केरबा बोल्टाची भोकं चाचपायचा, कॅपवरची अक्षरं अंगठ्यानं पुसायचा आणि मान हलवायचा, "न्हाई, ही आपली न्हवं." दोघंही पार थकले होते. आज मात्र केरबा एकदम ठाम होता.

खंडेनवमी होती. चाकं चढवली. घरच्या रिवाजाप्रमाणं केरबानं कॅपा चिंचेनं घासल्या आणि कोयत्या-विळ्यांच्या शेजारी पाटावर मांडल्या. अण्णांना धरून आणून बसवलं.

"अण्णा, आपलीच गाडी बघा," केरबा त्यांच्या कानाशी ओरडला. "चारी कॅपा मूळच्या. एक इकडची तिकडं न्हाई!"

अण्णांनी ओल्या कुंकवात बोट बुडवलं. पहिल्या कॅपला लावलं. दुसरीला. तिसरीला. चौथीवर बोट अधांतरी थांबलं. कुंकू फरशीवर ठिबकलं. जयराजनं तोंड फिरवलं. पुन्हा तोच प्रश्न ऐकायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

अण्णांनी चौथी कॅप उचलून धाडकन खाली आपटली.

"केरब्या, खोटारड्या! मूळची चौथी तर तू आष्ट्याच्या शर्यतीला गेलास तवाच हरवलीस. तिच्या जागी तुझ्या बायकूच्या, हरणाबाईच्या डब्याचं झाकण ठोकून जलमभर फिरलास, ते कुठाय?"