चाकावरची लाल काच

आनंदरावांना आता कॅमेऱ्याइतकंच रुख्मिणीबाईंबद्दल कुतूहल वाटू लागलं होतं.

ते कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. रविवारच्या विज्ञान प्रदर्शनाची जबाबदारी त्यांच्यावर होती, म्हणून गांधीबाग बाजारातल्या गणपतरावांच्या साडीच्या दुकानावरच्या खोलीत ही त्यांची तिसरी खेप. खोलीत गणपतरावांनी घरीच केलेला कॅमेरा होता. पत्र्याच्या पेटीत सोडा-कारखान्यातून आणलेला कोरडा बर्फ भरायचा. फिल्म गारठली की ताऱ्यांचा मिणमिणता उजेडही तिच्यावर नीट उमटतो. फिल्म साधी कृष्णधवल, पण तिच्यापुढे एक चाक आणि चाकात लाल, हिरवी, निळी अशा तीन काचा. प्रत्येक काचेतून एक फोटो घ्यायचा, मग तिन्ही जुळवून रंगीत चित्र करायचं. कुही गावच्या शेतावरून गणपतरावांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ असा काही टिपला होता की आनंदराव बघतच राहिले.

गणपतराव बर्फावर बोलत, भिंगावर बोलत, थांबायचं नाव नाही. चाकाचं विचारलं की मात्र म्हणत, "ते हिले विचारा." काचा पुसणार त्यांची बायको रुख्मिणीबाई, चाक फिरवणार बायको, चित्र जुळवणारही तीच. दुकानातसुद्धा ती शेजारी बसल्याशिवाय हे गृहस्थ साडी उलगडत नसत. बाजारात त्यावरून चेष्टा चाले.

करणारी एक आणि मिरवणारा भलताच, असं आनंदरावांच्या मनानं घेतलं. असले नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. आणि न्याय करायची हौस तर त्यांना लहानपणापासूनची.

रुख्मिणीबाई चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा आनंदरावांनी तिन्ही काचा काढून टेबलावर ठेवल्या आणि गणपतरावांना परत बसवायला सांगितल्या, लाल पहिली. गणपतराव हसले. एकेक काच उगाचच पुसत राहिले, खिडकीशी धरून पाहिली, आणि पहिल्या खाचेत हिरवी बसवली.

आनंदरावांचा आतून संताप संताप झाला.

दुसऱ्या दिवशी गणपतराव कुहीला गेल्याचं साधून आनंदराव आले. सोबत प्रदर्शनाचं कार्ड लिहून आणलं होतं. कॅमेरा आणि छायाचित्र : सौ. रुख्मिणीबाई. कालचा काचांचा प्रकार त्यांनी रुख्मिणीबाईंना सांगितला, आणि रविवारी उद्घाटनाला सगळे व्यापारी जमतील तेव्हा हे जाहीर सांगणार, असंही सांगितलं.

बाईंचा चेहरा पार उतरला. "ते कार्ड फाडा, सर."

आनंदरावांना त्यांची कीव आली. "घाबरू नका, काकू. श्रेय तुमचं आहे, ते तुम्हालाच मिळालं पाहिजे."

रुख्मिणीबाई म्हणाल्या, भिंग गणपतरावांनीच घासलं, सारं गणित त्यांचंच. आपण नुसत्या मदतीला.

"मग स्वतःच्या कॅमेऱ्यात त्यांनी लालच्या जागी हिरवी काच का बसवली?"

घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी बाईंनी उठून जिन्याचं दार लावलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

"ह्यायले लाल न् हिरवं सारखंच दिसते, सर. जन्मापासून. रविवारी तुम्ही हे साऱ्या गांधीबागेले सांगितलं, तं आमच्या दुकानात साडी घ्यायले कोण येईन?"