कानामागची गाठ

"कात्री ठेव आधी," मी लेकीला, हेमांगीला म्हटलं. आमचा म्हातारा पूडल कुत्रा, जायफळ, माझ्या गुडघ्यांमध्ये थरथरत गुरगुरत होता. त्याच्या कानामागे केसांची लिंबाएवढी गाठ झाली होती आणि ती कातडी ओढत होती.

"डॉक्टर उद्या भूल देऊन काढणार आहेत ना?"

"आणि त्याच्या हृदयाचं काय म्हणाले?"

तिने कात्री खाली ठेवली. त्याच्या हृदयाला भूल झेपेलच, असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं.

मी गाठीत खोबरेल जिरवलं. सत्तर वर्षांपूर्वी शाळेआधी आई मला असंच गुडघ्यांत धरून बसायची. केसांचं मूळ मुठीत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ डोक्याला लागत नाही, आणि फणीने आधी टोकं सोडवून मग वर सरकायचं. मी तसंच सुरू केलं. थोडे केस सुटले. मग फणी अडली आणि जायफळने माझं मनगट दातांत पकडलं.

"आई, हात काढ."

हात काढला असता, तर त्याने पुन्हा कुणाला जवळ येऊ दिलं नसतं. मी मूठ सोडली नाही. दात रुतले, पण कातडी फाटली नाही. फणीचं टोक गाठीत घालून मी हलकेच फिरवत राहिले. गाठ सैल झाली आणि सुटून मांडीवर पडली. जायफळनेही मनगट सोडलं.

हेमांगीने ती गाठ उचलली. "माझे केस कधी इतके हळू विंचरले नाहीस."

"तू चावत नव्हतीस."